मिटण्याची कला

मराठीने या यंत्राला दिलेलं नाव मला इंग्रजी नावापेक्षा सरस वाटतं. झडप. एका अर्थाने ते साधं झाकण, नळीच्या तोंडावरचं. दुसऱ्या अर्थाने ती घारीची असते, बिबट्याची असते. बसल्या जागेवरून सावजापर्यंतचं अंतर कधी कापलं गेलं ते कळतही नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणून ज्याला ओळखतात त्यात हे दोन्ही अर्थ एका घरात नांदतात. बॉयलर हाउसमधली माणसं इतका विचार करत नाहीत. ती सरळ "सेफ्टी उडाली" म्हणतात, आणि ऐकणाऱ्याची नजर आधी दाबाच्या काट्याकडे जाते.

माझ्यासमोर आत्ता अशा एका झडपेचा उभा छेद आहे. अणुवीज केंद्रातली, दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्टीवर बसणारी, स्प्रिंगची झडप. कवितेचं रसग्रहण लिहिणारा जसा शब्दाशब्दावर थांबतो, तसं या चित्रात भागाभागावर थांबायचा माझा बेत आहे. वाचायची दिशा मात्र उलटी. वाफ खालून वर येते, तेव्हा हे चित्रही खालून वर वाचायचं.

तळाशी नॉझल आहे. अणुभट्टीतलं पाणी तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापूनही उकळत नाही, कारण त्याच्यावर साधारण १५५ बार दाब ठेवलेला असतो. झडपेने उडायचं ते १७१ बारच्या आसपास. आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १७४ किलो असं म्हटलं की अंगावर येतो. नॉझलचं तोंड वीस चौरस सेंटीमीटर धरा, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाच्या तोंडाएवढं. तेवढ्याशा वर्तुळाखालून साडेतीन टनांचा रेटा वर येतो. वरून त्याला पुरून उरणारी स्प्रिंग बसलेली असते, आणि या दोघांच्या मध्ये एक तबकडी.

ही तबकडी, म्हणजे डिस्क, नॉझलच्या ओठावर जिथे टेकते ती सीटची कड जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. तिथे धातूवर धातू बसतो आणि त्यातून वाफ झिरपता कामा नये. हे साधतं ते लॅपिंगने. लॅपिंग करणारा कारागीर बारीक पेस्ट लावलेल्या सपाट प्लेटवर तबकडी इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत राहतो, म्हणजे घासण्याची दिशा एका जागी मुरत नाही. मग तिच्यावर काचेचा एक अचूक सपाट गोल ठेवतात आणि हेलियमच्या पिवळ्या उजेडात बघतात. काच आणि धातू यांच्यामधल्या फटीत काळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ आणि समांतर असतील तर पृष्ठभाग सपाट. वाकले तर कुठेतरी खड्डा किंवा उंचवटा आहे. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंतचा फरक ०.२९ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दोनशेव्या हिश्शाच्या आसपास. साडेतीन टनांच्या मारामारीचा निकाल इतक्या नाजूक जागी लागतो. या चित्रातली मला आवडलेली ही पहिली जागा.

आता स्प्रिंग. इथे जरा लंडनला जाऊन यायला हवं.

१६७९ मध्ये देनी पापँ या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक भांडं ठेवलं. घट्ट झाकणाचं, वाफेच्या दाबावर हाडंसुद्धा मऊ करणारं. आपल्या कुकरची ही पणजी. भांडं फुटू नये म्हणून पापँने त्याला एक छोटी झडप दिली आणि ती तरफेला टांगलेल्या वजनाने दाबून धरली. सेफ्टी व्हॉल्व्हची वंशावळ इथून सांगतात. १६८२ मध्ये सोसायटीच्या मंडळींनी त्या भांड्यात शिजवलेलं जेवण चवीने खाल्लंही. गंमत अशी की त्याच शहरात, त्याच सोसायटीत रॉबर्ट हूक वावरत होता, आणि स्प्रिंगचा नियम त्याने १६७८ मध्येच छापला होता: जेवढी दाबाल तेवढ्या प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो. पापँने तरी वजनच वापरलं. वजनाचा एक गुण असा की ते उचललं म्हणून जड होत नाही. स्प्रिंगचा हट्ट मात्र दाबावा तसा वाढत जातो.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या रचनेतला खरा पेच याच हट्टात आहे. दाब ठरल्या आकड्याला पोचला, डिस्क केसभर उचलली गेली, की स्प्रिंग केसभर दबते आणि तिचा जोर वाढतो. आणखी उघडायचं तर आणखी दाब हवा. अशी झडप किलकिली होऊन फुसफुसत राहील. नॉझलच्या तोंडाएवढी वाट मोकळी करायची तर डिस्क व्यासाच्या पाव पट वर गेली पाहिजे, आणि तीही क्षणात. दाब वाढता कामा नये म्हणून बसवलेल्या झडपेने पूर्ण उघडण्यासाठी वाढीव दाब मागणं हा विनोद झाला.

या पेचाचं उत्तर छेदात शोधायला मला पहिल्यांदा बराच वेळ लागला होता, कारण ते एका छोट्याशा वळणात आहे. डिस्कची कड नॉझलच्या ओठापेक्षा थोडी बाहेर येते आणि खाली झुकते. मिटलेल्या अवस्थेत वाफेचा रेटा फक्त आतल्या लहान वर्तुळावर असतो. डिस्क जराशी उचलली की निसटलेली वाफ त्या झुकलेल्या कडेखालच्या पोकळीत शिरते आणि आता तिला ढकलायला एकदम मोठं क्षेत्र मिळतं. वर कडेवर आपटून ती खाली वळते तेव्हा उलटा धक्काही देते. स्प्रिंगचा हट्ट वाढतो खरा, पण वाफेचा जोर त्याहून कितीतरी अधिक वाढतो, आणि डिस्क एका झटक्यात वर जाते. वाफेने स्वतःच स्वतःसाठी दार उघडलं. बाहेरून वीज नको, हवा नको, माणूस नको. झडप या शब्दाचा दुसरा अर्थ त्या दोन बोटांच्या वळणात आहे. सबंध चित्रात याहून देखणी रेघ नाही.

उरलेलं भराभर वाचतो. नॉझलभोवती आणि डिस्कभोवती आटे असलेल्या दोन रिंगा आहेत. त्या पोकळीचा आकार खालीवर करतात. खालची मुख्यतः उडण्याचा झटका ठरवते, वरची मिटण्याची वेळ. मग स्पिंडल, स्प्रिंगभोवतीचं बॉनेट, स्प्रिंग कमी-जास्त दाबणारा स्क्रू, त्याच्यावर टोपी, आणि टोपीतून ओवलेली तार. तारेच्या टोकाला शिशाचा चपटा मणी आणि त्यावर ठसा. कोणी स्क्रूला हात लावायचा तर आधी तार तोडावी लागेल. आपल्याकडे १९२३ च्या बॉयलर कायद्याने सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड हा शिक्षेचा गुन्हा ठरवला होता. त्यामागे वाफेच्या युगाचा अनुभव होता: जास्त काम काढण्यासाठी झडप बांधून टाकणारे लोक त्या युगाने सर्वत्र पाहिले. आणखी एक वस्तू आहे, ती चित्रात दिसत नाही. तिला गॅग म्हणतात. पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना झडप उडू नये म्हणून स्पिंडलवर घट्ट बसवायचा स्क्रू. चाचणी झाल्यावर गॅग काढायचा राहिला तर लॅपिंग, वळण, रिंगा सगळं जागच्या जागी असतं आणि सगळं व्यर्थ असतं. म्हणून काढलेला गॅग मोजून, दाखवून, सही घेऊन ठेवण्याची शिस्त असते.

इथपर्यंतचं वाचन उघडण्याचं झालं. सामान्य रसिक इथेच टाळी देतो, कारण उघडणं नाट्यमय असतं. माझ्या मते झडपेचं खरं कसब मिटण्यात आहे.

स्वयंपाकघरातला कुकर पाहा. शिट्टी अडकली, भाताचं शीत नळीत बसलं, तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून उडतो. तो एकदाच उडतो. मिटणं त्याला ठाऊक नाही. दुकानातून नवा आणायचा. तोवर भिंतीवर वरण आणि घरात आरडाओरडा, यापलीकडे नुकसान नाही. अणुभट्टीत मात्र झडपेतून जे बाहेर जातं तेच इंधनाला गार ठेवणारं पाणी असतं. भट्टी बंद केली तरी इंधनातली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात. तेव्हा दाबापासून भांडं वाचवायला उघडलेली झडप वेळेवर मिटली नाही, तर तिने भांडं वाचवून आतलं सगळं जाळलं असं होईल.

मिटणं अवघड आहे याचं कारणही त्या देखण्या वळणातच आहे. उघडल्यावर वाफेला मोठं क्षेत्र मिळालेलं असतं. त्यामुळे ठरल्या आकड्यावर दाब उतरला तरी झडप मिटत नाही. आणखी काही टक्के खाली यावं लागतं. हे अंतर फार ठेवलं तर पाणी विनाकारण जातं. फार कमी ठेवलं तर झडप मिटते, लगेच उडते, पुन्हा मिटते. एका सेकंदात कितीतरी वेळा. त्याला चॅटर म्हणतात. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाच्या दातांसारखी डिस्क सीटवर आपटत राहते आणि हेलियमच्या उजेडात जपलेला तो पृष्ठभाग काही क्षणांत चेचला जातो. झडपेकडे येणारा पाइप लांब किंवा अरुंद असला तरी हेच होतं: वाफ वाहू लागली की वाटेतच दाब गळतो, डिस्कला वाटतं काम झालं. म्हणून त्या पाइपातली दाबाची घट ठरल्या दाबाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा दंडक आहे.

चॅटरने काय होतं ते कॅनडातल्या पिकरिंग केंद्राने १० डिसेंबर १९९४ ला पाहिलं. जड पाण्याच्या भट्टीतल्या एका रिलीफ व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटला आणि तो उघडला. बिघडला तर उघडा राहायचा, अशीच त्याची रचना होती. त्यातून आलेल्या जड पाण्याने पुढचं टाकीवजा कंडेन्सर भरलं, तिथली स्प्रिंगची झडप उडाली आणि धडधडू लागली. त्या हादऱ्यांनी तिच्याकडे जाणाऱ्या पाइपाला तडा गेला. एका झडपेची चूक दुसरीच्या चॅटरमधून पाइपापर्यंत पोचली. आणीबाणीचं पाणी आत सोडावं लागलं; इंधन वाचलं. आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात भट्ट्यांची दोन घराणी शेजारी नांदतात. १९६९ ची पहिली दोन एककं उकळत्या पाण्याच्या जातीची, पुढची ५४० मेगावॅटची दोन जड पाण्याची. तिथल्या माणसांना पिकरिंगची ही गोष्ट परक्या देशातली वाटायचं कारण नाही.

आता ज्या पानावर मी सर्वांत जास्त थांबलो त्या पानाकडे येतो.

पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना नदीतल्या एका बेटावर, थ्री माइल आयलंडचं दुसरं एकक. २८ मार्च १९७९, पहाटेचे चार. पाणी पुरवणारे पंप बंद पडले, टर्बाइन थांबलं, भट्टीतला दाब चढला आणि तीनेक सेकंदांत वरची एक झडप उघडली. ही झडप आपण आत्ता वाचलेली नव्हे. आपली स्प्रिंगची झडप तिथे होतीच, पण तिच्यावर वेळ येऊ नये म्हणून तिच्या आधी, कमी दाबावर उघडणारी एक विजेच्या इशाऱ्यावर चालणारी झडप बसवलेली होती. मोठ्या झडपेला त्रास नको म्हणून नेमलेली ही सहायक. दाब उतरला, तेराव्या सेकंदाला तिने मिटायला हवं होतं. ती मिटली नाही. दोन तास बावीस मिनिटं उघडी राहिली.

नियंत्रण कक्षात तिच्या नावाचा एक दिवा होता. तो विझला होता. दिव्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आदल्या वर्षी मार्चमध्येच ही झडप एकदा उघडी राहिली होती आणि ते कळायला काहीच सोय नव्हती, म्हणून हा दिवा बसवला गेला. पण तो झडपेला जोडलेला नव्हता. तिला जाणाऱ्या विजेला जोडलेला होता. वीज तुटली की दिवा विझायचा. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर दिवा "मीट" असं म्हणत होता. माणसांनी ते "मिटली" असं वाचलं. आज्ञार्थाचा भूतकाळ झाला, आणि त्या एका चुकीच्या रूपावर पुढचे सव्वादोन तास उभे राहिले.

चांगल्या वाचकाला दुसरे पुरावे दिसले असते, असं म्हणणं सोपं आहे. पुरावे होते. झडपेच्या पुढच्या पाइपाचं तापमान २८० अंश फॅरनहाइटच्या वर दाखवत होतं, आणि २०० च्या वरचं तापमान म्हणजे झडप उघडी असल्याची खूण, हे केंद्राच्याच कार्यपद्धतीत लिहिलेलं होतं. पण त्या बाजूला आधीपासूनच गळती होती. तो आकडा रोजच चढा दिसायचा. रोज रडणाऱ्याकडे कोण बघणार. शिवाय उघड्या झडपेतून सुटलेली वाफ कमी दाबात येताना निवते, त्यामुळे आकडा भीती वाटावी इतका मोठा दिसलाच नाही. वाहून आलेलं पाणी साठवणाऱ्या टाकीचं सुरक्षा-पान पंधराव्या मिनिटाला फुटलं, पण त्या टाकीचे काटे मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला होते. आणि समोरच्या काट्यावर प्रेशरायझरमधली, म्हणजे भट्टीचा दाब राखणाऱ्या, जिच्या डोक्यावर या झडपा बसतात त्या टाकीतली, पातळी वर चढताना दिसत होती. वरच्या भोकातून पाणी निसटत असताना तिथली पातळी चढते, हे प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. पाणी जास्त झालं असं समजून चालकांनी आत येणारं आणीबाणीचं पाणी आखडलं.

६ वाजून २२ मिनिटांनी, नव्याने आलेल्या एका पाळीप्रमुखाने झडपेच्या आधीचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं. तो बंद झाल्यावर दाब चढू लागला. तोवर ३२,००० गॅलन पाणी गेलेलं होतं. त्या सकाळी गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला, हे मात्र कॅमेरे आत गेल्यावर, काही वर्षांनी दिसलं.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष जॉन केमेनी होते. गणिती, आणि बेसिक या संगणकभाषेच्या दोघा जनकांपैकी एक. त्यांच्या अहवालातला मला सर्वांत बोचणारा आकडा वितळलेल्या इंधनाचा नाही. याच घडणीच्या केंद्रांत ही झडप यापूर्वी नऊ वेळा उघडी अडकली होती. त्यातली एक घटना ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रातली, सप्टेंबर १९७७ ची. भट्टी तेव्हा नऊ टक्के शक्तीवर होती, चालकाने वीस-एक मिनिटांत ब्लॉक व्हॉल्व्ह बंद केला, आणि गोष्ट फायलीत गेली.

पुढे काय सुधारलं ते रसिकाच्या नजरेने पाहिलं तर तीन जागा उचलाव्याशा वाटतात. पहिली अगदी साधी. त्या घराण्याच्या केंद्रांत सहायक झडप दर चौरस इंचाला २२५५ पौंड दाबावर उघडायची आणि भट्टी २३५५ ला आपोआप बंद व्हायची, म्हणजे आधी झडप, मग भट्टी. दुर्घटनेनंतर क्रम उलटा केला: भट्टी २३०० ला बंद, झडप २४५० ला. झडपेला उठवायची वेळच क्वचित यावी. न उघडलेली झडप अडकत नाही.

दुसरी जागा कानाची. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने सांगितलं की झडप उघडी आहे की मिटलेली हे थेट झडपेवरून कळलं पाहिजे. अनेक केंद्रांनी पुढच्या पाइपावर कंपन टिपणारे संवेदक बसवले. वाफ वाहत असेल तर पाइप गातो. संवेदक तो आवाज ऐकतो. दिव्याने निरोपाची बातमी दिली होती, हा कान खुद्द घडणाऱ्या गोष्टीला लागलेला आहे.

तिसरी फ्रेंचांची. त्यांनी आपल्या केंद्रांत सेबिम नावाच्या झडपांच्या जोड्या बसवल्या. ब्रिटनमधल्या साइझवेल-बी मध्येही त्याच आहेत. एकामागे एक अशा दोन झडपा. पहिली नेहमी मिटलेली, दाब चढला की उघडणारी. दुसरी नेहमी उघडी, आणि दाब फार खाली गेला की स्वतःहून मिटणारी. पहिली मिटायला विसरली तर दुसरी तिच्या वतीने मिटते. थ्री माइल आयलंडला ब्लॉक व्हॉल्व्ह होता, पण त्याला बटण दाबणारा शहाणा माणूस लागला आणि तो सव्वादोन तासांनी आला. फ्रेंच रचनेत तो शहाणपणा धातूतच घातला आहे. मिटण्याच्या कलेवरचं याहून सुंदर भाष्य मी पाहिलेलं नाही.

दुर्घटनेनंतर आणखी एक गोष्ट उघड झाली. झडपा वाफेसाठी घडवल्या होत्या, पण त्यांच्यातून पाणी किंवा पाणी-वाफेचं मिश्रण गेलं तर त्या कशा वागतील याची पुरी खात्री नव्हती. तेव्हा १९८१ च्या सुमारास अमेरिकी वीज कंपन्यांच्या संशोधन संस्थेने पूर्ण आकाराच्या झडपा खऱ्या दाबावर उडवून पाहिल्या. गळती रोखायला झडपेखाली पाइपाच्या वळणात पाणी साठवून ठेवायची जुनी रीत होती. झडप उडाली की ते पाणी बंदुकीच्या गोळीसारखं पुढच्या पाइपावर आदळतं, याचं मोजमाप तिथे मिळालं. काही केंद्रांनी मग ते वळण रिकामंच ठेवलं.

फुकुशिमाचा उल्लेख टाळता येत नाही, पण तो इथे उलट्या बाजूने येतो. तिथल्या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या. त्यांच्या झडपांना दोन रूपं असतात. दाब चढला की स्प्रिंगने आपोआप उडायचं, आणि माणसाने सांगितलं तर विजेच्या इशाऱ्यावर, नायट्रोजनच्या दाबाने उघडायचं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर वीज गेली तरी पहिलं रूप काम करत राहिलं. दाब सुमारे ७० बारवर धरला गेला. पण तेवढ्या दाबाच्या भांड्यात अग्निशमन गाडीचा पंप पाणी ढकलू शकत नाही. दाब मुद्दाम उतरवायचा तर दुसरं रूप हवं, आणि त्याला वीज हवी. कर्मचाऱ्यांनी गाड्यांच्या १२ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. दुसऱ्या एककात १४ मार्चच्या संध्याकाळी, बऱ्याच खटपटीनंतर, झडप उघडली आणि दाब उतरू लागला. तेव्हा लक्षात आलं की पाणी घालणाऱ्या गाडीचं इंधन संपलं आहे.

आता चाचणीकडे. उत्तम झडप ओळखायची कशी, याचं उत्तर छेदाच्या चित्रात नाही. ते चाचणीच्या नियमांत आहे, आणि मला ते नियम एखाद्या जुन्या घराण्याच्या कडक गुरूसारखे वाटतात. अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या सोसायटीची संहिता सांगते की अशी प्रत्येक झडप पाच वर्षांत एकदा तरी तपासा, आणि दर चोवीस महिन्यांत गटातल्या किमान वीस टक्के. एक नापास झाली तर आणखी दोन काढा. पण खरा कस एका छोट्या अटीत आहे. झडप काढल्यावर तिला साफ करायचं नाही, तेल घालायचं नाही, सीट घासायची नाही, स्क्रूला हात लावायचा नाही. ती जशी सापडली तशीच उडवून बघायची. शॉपमध्ये याला "ॲज फाउंड" म्हणतात. परीक्षेला बसण्याआधी विद्यार्थ्याचं तोंडही धुवायचं नाही. उडण्याचा आकडा ठरल्यापेक्षा वर-खाली तीन टक्क्यांच्या आत सापडला पाहिजे, कारण उद्या खरी वेळ आली असती तेव्हा झडप याच अवस्थेत असती. दुरुस्ती, लॅपिंग, नवी स्प्रिंग सगळं त्यानंतर, आणि मग ती एक टक्क्याच्या आत बसवून परत पाठवायची.

ही अट नसती तर एक गोष्ट कधी कळलीच नसती. उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांच्या काही झडपांत एक छोटी पायलट डिस्क असते. आकडे तपासताना दिसायचं की ती ठरल्यापेक्षा बऱ्याच वरच्या दाबावर उघडते. एकदा उघडली की दुसऱ्या खेपेला अगदी अचूक. म्हणजे स्प्रिंग निर्दोष होती. डिस्क आणि सीट दोन्ही स्टेलाइटच्या, म्हणजे कोबाल्टच्या कठीण मिश्रधातूच्या. भट्टीतल्या किरणांमुळे पाण्यातून सुटलेला ऑक्सिजन त्या कोपऱ्यात साठायचा, आणि ऑक्साइडचा पातळ थर दोघींना चिकटवून टाकायचा. पहिल्या उघडण्यात ती पकड तुटायची. साफ करून तपासली असती तर झडप शंभरपैकी शंभर गुण घेऊन गेली असती. एक उपाय प्लॅटिनमचा निघाला: डिस्कमध्ये किंवा तिच्यावर थोडं प्लॅटिनम असलं की ऑक्सिजन आणि हायड्रोजन तिथेच एकत्र येऊन पाणी होतात.

चाचणीत उष्णतेचाही हिशेब ठेवतात. तापलेली स्प्रिंग थोडी नरम पडते आणि झडप आधी उडते. म्हणून केंद्रात झडपेभोवती जेवढी गरम हवा असते तेवढीच चाचणीच्या जागी ठेवतात, आणि तिचं बॉनेट स्थिर तापेपर्यंत थांबतात. मग सावकाश दाब चढवतात. आकडा जवळ आला की बोलणं आपोआप थांबतं. आधी एक बारीक फुसफुस येते, दुधाची साय फाटण्याआधी पातेलं करतं तशी. ती फार लांबली तर समजायचं खालची रिंग हलली आहे. मग तो धडाका, छातीत बसणारा. आणि त्याच्या मागोमाग, अनुभवी कान ज्याची वाट बघत असतो तो दुसरा आवाज. डिस्क सीटवर परत टेकल्याचा, एकच, कोरडा ठोका. दोन ऐकू आले तर पुन्हा रिंगेकडे. एकच आला तर आकडा लिहून घेतात, किमान पाच मिनिटं थांबतात, आणि तिला परत एकदा उडवतात.